पेढीपासून प्रक्षेपकापर्यंत : अवकाश उद्योग आणि आपला समाज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जाफराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे अखंड कार्य करावे, हिशेबाच्या वह्या स्वच्छ ठेवाव्यात आणि पुढच्या पिढीच्या हाती कारभार सुखरूप सोपवावा, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या ट्रस्टने हे साधले, त्याबद्दल आजी-माजी विश्वस्तांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. पूर्णेच्या काठचे आपले हे तालुक्याचे गाव. येथे आडत आहे, कापडाची व किराण्याची दुकाने आहेत, खते-बियाण्यांची कृषी सेवा केंद्रे आहेत. अशा ठिकाणी रॉकेट आणि उपग्रहांच्या उद्योगाची चर्चा कशासाठी? परंतु याच गावातील मुले-मुली आज छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि मुंबई येथे अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांपैकी एखादा उद्या घरी येऊन वडिलांना म्हणेल, “बाबा, मला नोकरी नको, मला उपग्रहाचे सुटे भाग तयार करण्याचा उद्योग काढायचा आहे.” त्या वेळी वडिलांनी, काकांनी आणि समाजाने काय उत्तर द्यावे, हा आजचा खरा प्रश्न आहे. उत्तर देण्यापूर्वी आपल्याच समाजाचा थोडा इतिहास आठवावा, एवढीच माझी विनंती आहे.

एका प्रयोगशाळेचा आणि एका पेढीचा संबंध

भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून आपण डॉ. विक्रम साराभाई यांना ओळखतो. १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका जैन गिरणीमालक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजहून शिक्षण पूर्ण करून परतल्यावर १९४७ मध्ये त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. देशातील अवकाश विज्ञानाचा पाळणा असा तिचा गौरव केला जातो. या प्रयोगशाळेला आरंभीचा आधार दिला तो साराभाई कुटुंबाच्या कर्मक्षेत्र शैक्षणिक प्रतिष्ठानाने आणि अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीने. म्हणजे एका कुटुंबाचा न्यास आणि नगरातील धुरिणांनी उभारलेली शिक्षणसंस्था यांनी मिळून त्या तरुण शास्त्रज्ञाच्या पाठीशी उभे राहण्याचे ठरविले.

अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी १९३५ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत दोन नावे आपल्या ध्यानात राहावीत अशी आहेत. एक शेठ कस्तुरभाई लालभाई. आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले आणि राणकपूर व देलवाडा येथील मंदिरांचा जीर्णोद्धार त्यांच्या देखरेखीखाली झाला. दुसरे गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत स्थायिक झालेले मराठी गृहस्थ, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. जे हात मंदिराचा जीर्णोद्धार करीत होते, तेच हात प्रयोगशाळेच्या पायाभरणीलाही लागले होते. त्यांना या दोन कार्यांत विरोध दिसला नाही.

याच काळात अहमदाबादच्या गिरणीमालकांनी सरकारच्या साहाय्याने ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था उभी केली. परस्परांचे स्पर्धक असलेले व्यापारी एकत्र आले, पैसा एकत्र ठेवला आणि संशोधनाचे फळ सर्वांनी वाटून घेतले. तिची धुराही तरुण साराभाईंकडेच सोपविण्यात आली होती. पुढे १९६२ मध्ये अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले आणि १५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘इस्रो’ची स्थापना झाली. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईंचे अकाली निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. पहिला भारतीय उपग्रह त्यांनी पाहिला नाही. ज्यांनी १९४७ मध्ये पैसा दिला, त्यांनी त्याचे फळ कधी मिळेल याचा हिशेब केला असता, तर तो दिलाच नसता.

सोलापूरचा व्यापारी आणि कळंबचा माळ

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. तरुण वालचंदांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. फाटकांकडे कामाचे ज्ञान होते, वालचंदांच्या पाठीशी घरचे भांडवल आणि पत होती. ज्ञान आणि भांडवल यांची ही जोडी त्यांच्या सर्व कर्तृत्वाची पहिली पायरी ठरली.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून निघाले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. १९४२ मध्ये सरकारने हा कारखाना आपल्याकडे घेतला. तीच संस्था १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे ‘एच. ए. एल.’ या नावाने ओळखली जाते. या एच. ए. एल.ने जून २०२५ मध्ये इस्रोच्या लहान उपग्रह प्रक्षेपकाचे तंत्रज्ञान ५११ कोटी रुपयांची बोली लावून मिळविले. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने लावलेल्या रोपाला ८५ वर्षांनी आलेला हा एक नवा बहर आहे.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद कथा आहे ती इंदापूर तालुक्यातील कळंब गावच्या माळरानाची. तेथे १९३० च्या दशकात वालचंदांनी साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. साखर कारखान्याला यंत्रे लागतात, यंत्रे मोडली की दुरुस्ती लागते. दुरुस्तीतून यंत्रनिर्मिती आली. साखर आणि सिमेंट कारखान्यांची अवजड यंत्रे बनविता बनविता तेथील कामगारांचा हात इतका बसला, की १९७० च्या दशकात इस्रोने आपल्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाच्या, एस. एल. व्ही.-३ च्या मोटारींची कवचे तयार करण्याचे काम त्यांच्याकडे दिले. तेव्हापासून पी. एस. एल. व्ही., जी. एस. एल. व्ही. आणि चंद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी अवकाशात नेणारा एल. व्ही. एम.-३, या सर्व प्रक्षेपकांत वालचंदनगरचे काम आहे. उसाच्या मळ्यांच्या मधोमध चंद्राकडे जाणाऱ्या प्रक्षेपकाचे भाग तयार होतात, हे आपण अभिमानाने सांगावे.

मात्र ही कथा सांगताना तिची दुसरी बाजू झाकू नये. रॉकेटची मागणी वर्षाकाठी थोडीच असते. केवळ त्या कामावर वालचंदनगरचे घर चालले नाही. साखरेची, सिमेंटची यंत्रे आणि गिअर हा नित्याचा धंदा चालू राहिला, आणि तरीही कंपनीच्या ताळेबंदात तोट्याची वर्षे आली. मुंबईच्या गोदरेजचेही असेच. १८९७ मध्ये कुलुपांपासून सुरुवात केलेल्या या घराण्याने पुढे विक्रोळीत ‘विकास’ हे रॉकेट इंजिन तयार केले, पण कपाटे आणि कुलुपे बनविणे सोडले नाही. अवकाशाचे काम ही वाड्यातील एक खोली असावी. संपूर्ण वाडा तिच्यावर गहाण टाकू नये.

पोलादाचे पाणी आणि माणसाचे पाणी

जालना जिल्ह्याला पोलादाची ओळख करून देण्याची गरज नाही. येथील सळई साऱ्या महाराष्ट्राच्या घरांत आहे. परंतु पी. एस. एल. व्ही.च्या पहिल्या टप्प्याच्या कवचाचे पोलाद निराळे असते. त्यात सुमारे १८ टक्के निकेल असते आणि कार्बन जवळजवळ नसतोच. २.८ मीटर व्यासाच्या या नळकांड्याची भिंत सुमारे आठ मिलिमीटर जाडीची असते, आणि तिच्या आत सुमारे १३९ टन इंधन जळत असताना तिला तो दाब सोसावा लागतो. सांधे जोडल्यावर हे पोलाद सुमारे ४८० अंश सेल्सिअस तापमानात काही तास ठेवतात, तेव्हा त्याला खरे बळ येते. त्यानंतर प्रत्येक सांध्याची क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी तपासणी होते आणि कवचात पाणी भरून दाबाची परीक्षा घेतली जाते.

या उद्योगात प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. तो कोणत्या भट्टीतून निघाला, कोणी जोडला, कोणी तपासला, याची नोंद अनेक वर्षे जपावी लागते. दोष आढळला तर तो लिहावा लागतो. दोष लपविणे हा येथील सर्वांत मोठा अपराध. १० ऑगस्ट १९७९ रोजी एस. एल. व्ही.-३ चे पहिले उड्डाण बंगालच्या उपसागरात कोसळले, ते दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील एका झडपेच्या दोषामुळे. एका झडपेने अनेक वर्षांचे श्रम पाण्यात घातले. परंतु शास्त्रज्ञांनी दोष शोधला, मान्य केला, दुरुस्त केला आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला.

आपण दररोज प्रतिक्रमण करतो, म्हणजे दिवसभरातील आपल्या चुका स्वतःहून आठवतो आणि उच्चारतो. ज्या समाजाला ही सवय शिकविली गेली आहे, त्याला या उद्योगाची शिस्त परकी वाटू नये. मापात माप आणि शब्दात शब्द ठेवून आपल्या पूर्वजांनी पत कमावली. अवकाश उद्योगात तीच पत ‘गुणवत्ता’ या नावाने मागितली जाते.

उघडलेले दार

जून २०२० पर्यंत या क्षेत्रात खासगी कारखानदार हा इस्रोचा केवळ पुरवठादार होता. त्या वर्षी केंद्र सरकारने हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले केले, परवानगी व साहाय्य देण्यासाठी ‘इन-स्पेस’ ही यंत्रणा निर्माण केली आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय अवकाश धोरण जाहीर केले. हैदराबादच्या स्कायरूट या नवउद्योगाची स्थापना इस्रोतून बाहेर पडलेल्या दोन तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये केली होती. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांनी खासगी बनावटीचे पहिले भारतीय रॉकेट श्रीहरिकोटा येथून उडविले आणि त्याला साराभाईंच्या स्मरणार्थ ‘विक्रम’ हे नाव दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अवकाश क्षेत्रातील नवउद्योगांसाठी १,००० कोटी रुपयांच्या भांडवल निधीस मान्यता दिली.

आपल्या राज्यातही ही वाट रुळत आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी, तर मुंबई आय. आय. टी.च्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला. एकामागून एक विद्यार्थ्यांच्या तुकड्या येत गेल्या, जुन्या पदवी घेऊन निघून गेल्या, पण काम पुढच्या हाती सोपवीत राहिल्या. विश्वस्त मंडळाचा कारभार जाणणाऱ्यांना या परंपरेचे मोल सांगावयास नको.

जाफराबादेतून काय होऊ शकेल?

येथे रॉकेट तयार होईल असे मी म्हणत नाही. कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु रॉकेटभोवती अनेक कामे असतात. अवजड भाग वाहून नेण्याचे पाळणे, जोडणीचे सांगाडे, साचे, चाचणीची उपकरणे आणि काटेकोर मापाचे लहान सुटे भाग कोणाला तरी बनवावेच लागतात. १९८५ पासून वाळूजला दुचाकी वाहनांच्या उद्योगाने सुट्या भागांचे शेकडो कारागीर घडविले. तेथे मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये लहान उद्योजकांसाठी सामायिक यंत्रसामग्री व चाचणीची सोय आहे, आणि ‘मॅजिक’ ही नवउद्योगांना मार्गदर्शन करणारी संस्था तेथील उद्योजकांनीच उभी केली आहे. जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र आहे. ही सर्व स्थाने आपल्याला दूर नाहीत.

दुसरी वाट आपल्या आडतीच्या दारातूनच जाते. उपग्रहांनी पाठविलेल्या चित्रांवरून पेरा, पिकाची वाढ आणि ओलावा यांचा अंदाज घेता येतो. २०२३ च्या खरिपापासून केंद्राच्या पीक विमा योजनेत भात व गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज घेताना उपग्रहाधारित पद्धतीला किमान ३० टक्के भार देण्यास सुरुवात झाली. पण आकाशातून दिसणारे हिरवे शेत सोयाबीनचे की मक्याचे, पाऊस लांबल्याने पीक मान टाकीत आहे की रोगाने, हे जमिनीवर उभे राहून सांगणारा माणूस लागतो. ती जाण शेतकऱ्याकडे आणि त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करणाऱ्या आपल्या दुकानदारांकडे आहे. संगणक जाणणारी मुलगी आणि पिके जाणणारे वडील एकत्र बसले, तर तो जाफराबादचा पहिला अवकाश उद्योग ठरू शकेल.

हे स्वप्नरंजन वाटत असेल, तर जालन्याचेच उदाहरण घ्यावे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. संकरित वाण एका हंगामात तयार होत नाही. वर्षानुवर्षे पेरावे, निवडावे, टाकून द्यावे आणि पुन्हा पेरावे लागते. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या मातीत संशोधनाचा उद्योग रुजतो, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

दोन शंका

पहिली शंका पैशाची. ती रास्त आहे. आपला व्यापार दिवाळी ते दिवाळी हिशेब मागतो. अवकाशाचा नवउद्योग पहिली पाच-सात वर्षे केवळ खर्च दाखवितो, आणि अनेक नवउद्योग बंदही पडतात. म्हणून तीन मर्यादा स्पष्टपणे सांगतो. ट्रस्टचा पैसा अशा धंद्यात घालू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० त्याला मुभा देत नाही, आणि देवद्रव्य अन्य कार्याला वापरू नये ही आपली परंपरा त्याहून जुनी आहे. दुसरे, कोणत्याही कुटुंबाने कर्ज काढून किंवा दुकान गहाण ठेवून यात उतरू नये. बुडाला तरी घराची चूल विझणार नाही एवढाच पैसा द्यावा, आणि दहा कुटुंबांनी मिळून थोडाथोडा द्यावा. तिसरे, नात्यातला व्यवहार म्हणून तोंडी ठेवू नये. भागीदारीचा लेख आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण अटळ मानावे.

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि ती आपल्या व्रतांना स्पर्श करते. जे पोलाद रॉकेटला लागते, तेच क्षेपणास्त्रालाही लागते. श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रतात हिंसादानाचा, म्हणजे हिंसेची साधने पुरविण्याचा निषेध आहे. मग जैन तरुणाने या उद्योगात पडावे काय? देशाच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे, आणि प्रत्येकाचा निर्णय त्याच्या विवेकाचा आहे. मात्र साराभाईंनी अवकाश कार्यक्रमाचे उद्दिष्ट हवामान, दळणवळण आणि शिक्षण हे ठरविले होते. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शनवर शेती व आरोग्याचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले, तो त्यांच्याच संकल्पनेचा विस्तार होता. आपल्या तरुणाने उद्योग काढताना आपण काय बनविणार आणि कोणाला विकणार हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. ज्यांनी भांडवल दिले त्यांनीही ते वाचूनच द्यावे. व्रत आणि व्यवहार यांची गाठ नंतर सोडविणे कठीण जाते.

पुढील पन्नास वर्षांसाठी

शेवटी विश्वस्तांसमोर तीन नम्र सूचना ठेवतो. ट्रस्टच्या शिष्यवृत्तींपैकी एक तरी शिष्यवृत्ती विज्ञान-अभियांत्रिकीच्या उच्च संशोधनासाठी राखावी, तिचा कालावधी एक वर्षाऐवजी पाच वर्षांचा असावा आणि ती मुलींनाही समान निकषावर मिळावी. ट्रस्टच्या सभागृहात वर्षातून एकदा आपल्या गावच्या व परिसरातील तरुणांनी आपली कल्पना व्यापाऱ्यांसमोर मांडावी; तेथे जातिधर्माची अट नसावी, कारण वालचंदांनाही फाटक लागले होते. आणि ज्याचा उद्योग बंद पडेल, त्याच्याकडे समाजाने लग्नाच्या बाजारात किंवा बैठकीत बोट दाखवू नये. हिशेब स्वच्छ ठेवून अपयशी झालेला तरुण पुन्हा उभा राहू शकतो. बोलणी खाऊन खचलेला मात्र राहत नाही. या तिसऱ्या सूचनेला पैसा लागत नाही, तरी तीच सर्वांत कठीण आहे.

आपल्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. आकाशातून आलेल्या एका पाषाणाने बसाल्टच्या कातळात पाडलेले ते विवर चंद्रावरील विवरांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञ पाहतात. आपण तेथे सहलीला जातो, कमळजादेवीचे दर्शन घेतो आणि परत येतो. आता आपल्यातल्या कोणी तरी तेथे मोजमापाचे साधन घेऊन उतरावे, आणि तो किंवा ती घरी आल्यावर आपण पहिला प्रश्न “यातून मिळणार किती?” असा न विचारता “तुला लागेल काय?” असा विचारावा.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!